खिडकीजवळची खुर्ची

प्रिय दादा,

ताप उतरला, जेवणही जातंय, तेव्हा काळजी नको. बाबांचं सकाळचं फिरणं चालू आहे ना? फोनवर मी ओरडले असते, म्हणून लिहितेय.

बाबांच्या वाढदिवसाहून परतले आणि दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात कामावर गेले. सहा नंबरच्या आजी माझ्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाहीत. दोन दिवस भरवलं, मग मला ताप चढला. आता त्या ऑक्सिजनवर आहेत. मेट्रनने विचारलं, "कुठून आणलंस हे?" बसमध्ये लागलं असेल, म्हटलं. तुझं नाव घ्यायला जीभ वळली नाही.

तोवर वहिनीच्या तोंडून निसटलं होतं. तुला आदल्या दिवसापासून ताप होता, कोविडची तपासणीही पॉझिटिव्ह आली होती. पन्नास माणसं बोलावलेली, म्हणून गोळी घेऊन उभा राहिलास.

मग तो हॉल आठवला. दारं बंद, एकच खिडकी उघडी. बाबांची खुर्ची तू स्वतः उचलून तिथे नेलीस, आणि त्यांच्या जवळपासही फिरकला नाहीस. मला मात्र "ये गं, किती महिन्यांनी दिसतेस" म्हणत शेजारी बसवलंस. गाण्यांच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून तासभर माझ्या कानाशी तोंड आणून बोलत होतास. मला किती बरं वाटलं होतं.

एका शब्दाने सांगितलं असतंस, तर बाहेर उभी राहून त्याच खिडकीतून बाबांशी बोलले असते.

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझ्या शेजारी बसलेली,
छोटी