बाराव्या कुंडीचं बटण

प्रिय थोरल्या,

इतके पूल बांधलेस, त्यांचे खांब झोपेतही मोजून सांगशील. पण आपल्या आईला अक्षरओळख नाही हे मात्र साफ विसरलास! चार पानं लिहिलीस, आणि शेवटी म्हणे, ‘आई, वाचून झालं की फाडून टाक, कुणाला दाखवू नकोस.’ बरं बाबा. कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवालीकडून फक्त वाचून घेतलं. पोर दहा वर्षांची, पण आवाज खणखणीत. पहिलं पान संपेपर्यंत जिन्यात सहा मुलं जमली. दुसऱ्या पानाला खालच्या पाववाल्याने हातातलं पीठ सोडून कान टवकारले. तेव्हा पुढच्या महिन्यात तू गाडी घेऊन येणार आणि आईला कायमचं आपल्याकडे नेणार, हे आता सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. हे पत्रही चष्मेवालीच लिहिते आहे. सांगते तेवढंच लिही म्हटलंय, पण मधूनच फिदीफिदी हसते आहे.

येतेस का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी. लहानपणी भाजी संपवायच्या आधी गोडाकडे बघायचास, ती खोड अजून असेल तर जरा आवर.

माझ्या दारासमोरची गच्ची आठवते ना? दोन चादरी वाळत घातल्या की संपते ती. तिथे अकरा कुंड्या मावल्या होत्या. कुंड्या म्हणायचं आपलं. एक फुटकी बादली, एक बिनदांड्याची किटली, आणि तुझं कामावरचं ते पिवळं हेल्मेट, त्यात पुदिना. चष्मेवालीने प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी डकवली होती. मला ती काय कामाची? पण कारखान्यात तीस वर्षं शर्टांना बटणं लावली, मला बटणं वाचता येतात. म्हणून ज्याची कुंडी, त्याच्या कपड्याचं एक बटण दोऱ्याने तिला बांधलं. लाल बटणाचा टोमॅटो पाववाल्याच्या मुलाचा, निळ्या जोडबटणांचा घेवडा जुळ्यांचा. एक रेतीची परात मावशीची. मावशी म्हणजे मांजर. वाघाची नव्हे, आमचीच. परात सोडून बाकी सगळीकडे उकरते, आणि पुदिन्यात झोपते. जवळून गेली की वाटतं, आत्ताच दात घासून आली. माझ्या स्वेटरचं वरचं हिरवं बटण महिनाभर सापडत नव्हतं, तेही तिच्या तीन पिल्लांनीच पळवलं म्हणून मी इमारतभर बोभाटा केला होता.

आता खरं सांगते. तुझं पत्र ऐकलं आणि मी बॅग भरली. गुडघे कुरकुरतात, जिने तीन, आणि तुझ्याकडे म्हणे अख्खी बाग. मुलांना बोलावलं, म्हटलं, आपापल्या कुंड्या घरी न्या. अकराच्या अकरा गेल्या. दुपारी सवयीने पाण्याचा तांब्या भरून बाहेर आले, आणि घालू कशाला तेच कळेना. शेवटी मीच प्यायले.

पण कुंड्यांमागोमाग मांजरंही गेली. मावशी गेली हेल्मेटामागे, पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांकडे, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर ऐसपैस पसरली. पिल्लं पाववाल्याच्या पिठाच्या पोत्यात शिरली. काळी गेली, पांढरी होऊन आली. जुळ्यांच्या आईने बजावलं, या घरात एक तर चिखल राहील नाही तर मी. चौथ्या दिवशी सकाळी जिन्यातून मिरवणूक वर आली. पुढे शेपटी उभारून मावशी, मागे कुंड्या उचललेली पोरं. हिरमुसली असतील म्हणून समजूत काढायला जाते, तर सगळ्यांची बत्तिशी बाहेर! मांजरं कुठली आपणहून जातात? एकेका घरापर्यंत दुधाच्या बश्या मांडून या चोरांनीच नेली होती.

आणि अकरा गेल्या होत्या, आल्या बारा. बारावी म्हणजे तू गेल्या वर्षी पाठवलेला बिस्किटांचा डबा. तळाला भोकं, आत माती, आणि दोऱ्याला माझं हिरवं बटण. मावशीची मी चारचौघांत माफी मागितली. आत काय पेरलंय, ते कुणी सांगत नाही. चष्मेवाली हसते आहे ती त्यापायीच.

तर उत्तर ऐक. गाडी आणू नकोस. माझ्या कुंडीतून काय वर येतं ते बघितल्याशिवाय मी हलणार नाही. वर आलं की फूल बघायचं, फूल आलं की बी धरायचं, आणि बी धरलं की ते पेरायचं. तेव्हा घाई करू नकोस. तुझ्याकडे माळी आहे, आठ दिवसांत मी त्याला पळवून लावीन. गुडघ्यांचं म्हणशील तर पाणी पोरं चढवतात, मी नुसती ओरडते. रागावू नकोस रे. तूच रजा काढून ये. शर्टाचं एक बटण सैल करून ये, म्हणजे तुझ्या कुंडीला बांधता येईल. त्याआधी सूनबाईला सांगून लोण्याची बिस्किटं पाठव, भरपूर. मांजरांसाठी सुकी मासळी, पण वेगळी बांध. मागच्या खेपेला एकत्र कोंबलीस आणि पोरांनी मासळीच्या वासाची बिस्किटंसुद्धा मिटक्या मारत खाल्ली. आणि डबा मोठा बघून घे. परत मागायचा नाही, त्याला भोकं पाडायची आहेत.

तुझीच,
आई