न्हाणीचा कूड

मी बनाबाई, कै. सोनबा यांची विधवा, राहणार भोर, धंदा पोहे कांडून विकणे. अंग थकले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हे कुणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही. मी सांगते आणि केशव मास्तर लिहितात.

घर, मागच्या परसासकट, माझी सून सखू हिच्या एकटीच्या नावे करते. मुलगा गेनू यास ते देत नाही. याचे कारण त्याला ठाऊक आहे, तरी मास्तर, लिहा.

शेजारच्या कुंडलिकरावांनी घरावर माडी चढवली. तिची खिडकी आमच्या न्हाणीवर उघडते. आमची न्हाणी म्हणजे परसातला एक दगड आणि भोवती कमरेइतका आडोसा. तिथे कारवीचा उंच कूड घालण्यास मी कचेरीत अर्ज केला. अर्जात कारण खरे तेच लिहा, असे मीच मास्तरांना सांगितले होते. रिवाजाप्रमाणे हरकतींसाठी दवंडी पिटली. मी बाजारात पोहे मापत होते. चौकातून आवाज आला, "ऐका हो ऐका. बनाबाईच्या न्हानीत शेजारच्या माडीवरनं समदं दिसतंय, म्हून ती कूड घालनार हाय. कुनाची हरकत असंल त्यानं कचेरीत सांगावं." समोरचे गिऱ्हाईक हसले नाही, खाली बघू लागले. हसले असते तर बरे झाले असते.

हरकत कुंडलिकरावांनीच घेतली. म्हणे, "माज्या माडीचा वारा अडतुया." मग पंच पाहणीला आले. ते माडीच्या खिडकीत उभे राहिले आणि कूड किती उंच लागेल ते ठरवायला मला न्हाणीच्या दगडावर उभे केले. "बाई, आता खाली बसा. आता उभ्या ऱ्हावा." मी उठले, बसले, पुन्हा उठले. अंगावर धडके लुगडे होते, तरी मेल्याहून मेल्यासारखे झाले. नाही म्हणायचे मला सुचलेच नाही, याची लाज तर अजून जात नाही. हे लिहवतानाही मान वर होत नाही.

त्या दिवशी गेनू म्हणाला, "आये, तुज्या वयाला कोन बगतंय? उगं गावभर बोभाटा केलास." सखू चुलीपाशी ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तीही माझ्यासारखी घरात धान्याच्या कणगीआड बसून ओल्या फडक्याने अंग पुसून घेऊ लागली. माझे काय, झाले. त्या पोरीने आख्खा जन्म असा काढू नये.

उखळ, मुसळ व कढई मुलगी भिमा हिला. गाठीला राहील ते तेराव्याच्या जेवणावर उडवू नये, त्यातून सखूने कूड घालावा. अर्जाचा निकाल अजून नाही. कुंडलिकरावांना काही ठेवत नाही, त्यांना वारा पुरे.

आता शेवटचे. मेल्यावर मला त्याच दगडावर न्हाऊ घालतील. तोवर कूड झाला नसेल तर चार बायकांनी चारी बाजूंनी लुगडी उंच धरावीत, माडीची खिडकी झाकेल इतकी. त्याला कुणाची परवानगी लागत असली, तरी मागू नये.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल.

बनाबाई, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार : केशव मास्तर
साक्षीदार : कोंडिबा, उत्रोली
साक्षीदार : सावळाराम, भोर. पंचांपैकी हे एकटे खिडकीकडे पाठ करून उभे होते, म्हणून यांना बोलावले.

भोर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५८