नातू भरती करून राहिला

इंदोरा, नागपूर
दि. ४ फेब्रुवारी

चि. नागसेनले आजीचा जय भीम आणि आशीर्वाद.

बोलते मी, लिहिते तुझी बहीण. दीक्षा माझे टोमणे गाळते, म्हणून एखादं वाक्य सपक लागलं तर ते तिचं समज.

काल शेजारच्या रामाजीनं विचारलं, नातू काय करते? म्हटलं, पोलीस भरती करते. त्याचाही पाच वर्षांपासून तेच करून राहिला. आमच्या वेळी माणूस भरती झाला की कामाले लागे. आता भरती करणं हेच काम. पगार तेवढा नाही.

अकॅडमीनं तुमचे फोन जमा केले ते बरं झालं. माझा दिवसभर टिंगटिंग करते. कर्ज घ्या, साड्या घ्या. दीक्षानं कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबायले शिकवलं. आता एकही मेसेज शिल्लक ठेवत नाही मी.

अंडी खात जा. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी


अमरावती
दि. १० फेब्रुवारी

प्रिय दीक्षा, जय भीम.

हे आधी एकटी वाच. माझा फोन इथे कपाटात, म्हणून भरतीच्या फॉर्ममध्ये आजीचा नंबर दिला होता; तारखेचा मेसेज त्यावरच येणार होता. तुम्हाला सांगायचं राहिलं. इथल्या पोरांच्या तारखा महिनाअखेरच्या, म्हणून मी निवांत होतो. आजीचं पत्र वाचलं आणि सरांचा फोन मागून साइट उघडली. माझी मैदानी चाचणी सात तारखेला होती. माझ्याविना होऊन गेली. पुढच्या भरतीत मी वयात बसत नाही.

आजीला एवढंच वाच: धावताना पाय मुरगळला, आता बरा आहे, लवकर येतो.

डब्याचं चित्र तू दाखवलंस हे मनात आणू नको. मी आणलं, पण तू आणू नको.

लोभ आहेच.

तुझा दादा


इंदोरा, नागपूर
दि. १५ फेब्रुवारी

चि. नागसेनले आशीर्वाद.

दीक्षानं वाचलं, पाय मुरगळला. तीन वाक्यं. कागद मात्र दोन्हीकडून भरलेला. मले अक्षर कळत नाही गा, पण भरलेला कागद कळते. तिनं सगळं वाचेपर्यंत मी ताटाले हात लावला नाही.

तुझी भरती मी माझ्या बोटानं डब्यात टाकली. आणि पाय मोडून घेतला तू! मोठा आला मले वाचवणारा.

सकाळी रामाजीनं पुन्हा विचारलं. म्हटलं, नातवाची भरती संपली. तो पेढे मागून राहिला. मी आत निघून आली.

घरी ये. पण आधी एक पत्र टाक, माझ्या नावानं. मनात आणलं ते सगळं लिही, शिव्यासुद्धा. दीक्षाले बजावलं आहे, एकही गाळायची नाही. आणि कागद दोन्हीकडून भर. मी उलटून पाहीन.

माया उरली असेल तेवढी राहू दे.

तुझी आजी