केस कापणे: शून्य

एकोडी, ता. साकोली
१४ जानेवारी १९७९, संक्रांत

चि. खुशाल,

ताईचा आशीर्वाद. मायनं गालावरून हात फिरवला असं समज. बाबांचं काय ते खाली लिहिते.

इकडं सगळं ठीक आहे. धानाचं चुरणं झालं, मळून पोती घरात आली. पांढरी गाय व्याली, कालवड झाली. चौथीच्या वर्गाचं छप्पर अजून तसंच फुटकं आहे. दिवाळीपासून तुझं पत्र नाही. पैसे मात्र दर महिन्याले वेळेवर येतात, त्याच्यावरून तू खुशाल आहे असं आम्ही मानून घेतलं.

गुरुवारी तुझ्या खोलीतला भय्याजी आला होता. बहिणीच्या लग्नासाठी तुमसरले आला अन् तुझं पार्सल द्याले मुद्दाम बसनं एकोडीपर्यंत आला. पोट्टा चांगला आहे. बाबांले दाढीचं सामान, मायले साबण, मले पेन. त्याच पेनानं लिहून राहिली.

जेवायले वाढलं तर त्यानं चार वेळा भात घेतला. मी सहज विचारलं, "तिकडं न्यूयॉर्कले दूध काय भाव आहे?" तो म्हणाला, लिटरले अर्ध्या डॉलरच्या आसपास. मी मनातल्या मनात आठनं गुणलं. चार रुपये! अरे बापा! मायच्या हातातली पळी तशीच राहिली. मग मले राहवलंच नाही. एकेक विचारत गेली अन् गुणत गेली. खोलीचं भाडं तुम्हा सगळ्यांत मिळून दोनशे चाळीस डॉलर, म्हणजे दोन हजाराच्या जवळ. माझा पगार चारशे रुपये, म्हणजे पाच महिने पोरांले पाढे शिकवले तर तुमच्या खोलीचा एक महिना निघते! बाबा म्हणाले, "हा पोट्टा गंमत करून राहिला." तो गंमत करत नव्हता.

मग बाबांनी फुशारकीनं सांगितलं, "आमच्या खुशालले काही अडचण नाही. सुलोचनानं त्याचा खर्च कागदावर मांडून देला आहे."

भय्याजीचा हात ताटातच थांबला. "ताई, तो कागद तुमच्या हातचा होय का?" म्हणाला. "तो त्यानं पलंगावर भिंतीले चिकटवला आहे. आम्ही त्याले रोज हसतो."

मी उठून पाणी आणाले गेली. खुशाल, मले तिथं बसवत नव्हतं.

तो कागद तुले पाठ असेल, मलेही आहे. तुझं तिकीट आलं त्या दिवशी शाळेच्या फुलस्केपवर केला होता. हातात महिन्याले चारशे डॉलर येतील. दीडशे तुले, अडीचशे घरी. दीडशे म्हणजे बाराशे रुपये, माझ्या पगाराच्या तिप्पट! मले वाटलं, पोट्टा राजासारखा राहील. सगळे भाव मी साकोलीच्या बाजाराचे धरले. पगार तिकडचा अन् भाजी इकडची. गरम कपडे: एक स्वेटर, विणून देला आहे. केस कापणे: शून्य.

शून्य काहून लिहिलं, तर आपल्या घरात केस कापायले कधी पैसे देल्याचं मी पाहिलंच नाही. ईश्वर न्हावी खळ्यावरून वर्षाचं धान घेऊन जाते अन् वर्षभर सगळ्यांचे केस कापते. मॅट्रिक झालेली, दहा वर्षं गणित शिकवणारी बाई मी, पण न्यूयॉर्कले ईश्वर नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

भय्याजीनं सांगितलं, तिकडं केस कापायले चार डॉलर पडतात.

आता ते लिहिते जे इतका वेळ टाळून राहिली. दिवाळीत तुझा फोटो आला, केस खांद्यापर्यंत. बाबा भडकले, हिप्पी झाला म्हणाले. पण पत्र बाबांनी नाही लिहिलं, मी लिहिलं. 'तुले तिकडची हवा लागली, नाक कापलं आमचं, असं ध्यान घेऊन दारात येऊ नको.' माझेच शब्द आहेत. बाबांनी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्तच लिहिलं. अन् तू तर माझंच शून्य पाळून राहिला होता! एका ओळीनं तरी सांगायचं होतं रे. इतकं काय ऐकतोस माझं?

त्या दिवशी जेवताना मायनं भय्याजीले विचारलं, "माहा खुशाल जेवते ना रे?"

"रात्री जेवते, माय."

"अन् सकाळी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जाताना आंगणात मले एकटीले सांगितलं की तुमच्यात एकच कोट आहे. तो रातपाळीवरून आला की तू त्याचा कोट घालून निघतोस. तो इकडं आला तर कोटही इकडंच आला. त्याच्या अंगावरच होता. म्हणजे या महिन्यात तू माझ्या स्वेटरवर बर्फात फिरून राहिला. मले रात्री झोप नाही, खुशाल. लाज वाटते.

आता बाबांचं. वरच्या माडीसाठी आंगणात विटा आणून ठेवल्या होत्या, तुझ्याच पैशाच्या. शुक्रवारी त्यांनी केशवरावांले निम्म्या भावात देऊन टाकल्या. ते पैसे अन् हे पत्र मी तुमसरले जाऊन भय्याजीजवळ देते, त्यातून तुझ्यासाठी कोट घे. काल ईश्वर दाढी करायले आला तर बाबांनी त्याले वापस पाठवलं. ज्या माणसानं आठवड्यातून दोनदाची दाढी कधी चुकवली नाही, तो पांढरे खुंट घेऊन ओट्यावर बसला आहे. मी म्हटलं, बाबा, खुशालनं पाठवलेलं नवं सामान तरी वापरा. म्हणाले, "त्याचे केस कापल्याचा फोटो येऊ दे, मग पाहू." न्हावी वापस गेल्याचं ऐकून गावातले लोक विचारतात, कायचं सुतक आहे म्हणून.

म्हणून भांडण करू नको, फक्त ऐक. भिंतीवरचा तो कागद फाड. या महिन्यात घरी पैसे पाठवू नको, पाठवले तर मी ते वापस करीन. सकाळी जेव. अन् पहिले चार डॉलर न्हाव्याले दे. मग एक फोटो काढ अन् पाठव. बाबांची दाढी त्याच्यावर अटकली आहे.

मी नवा कागद करणार नाही. तुझा तूच कर, अन् तो मले दाखवूही नको.

तिळगूळ भय्याजीसंगं पाठवते. माझं दिवाळीचं पत्र ठेवलं असेल तर तेही फाडून टाक.

तुझ्या केसांपुढं शून्य लिहिणारी,
ताई