चौथ्या साहेबांचं स्वागत

मु. जळकोट,
ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८६८

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी,

धाकट्या पार्वतीचे शरणार्थ. वहिनींनाही शरणार्थ सांगावे, लेकरांना आशीर्वाद. पेरण्या झाल्या. म्हैस व्याली, रेडी झाली.

तुमचं पत्र पोचलं. अव्वाला आषाढात हैदराबादला आणून सोड, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं खाली लिहिते. आधी गावाचं लिहू द्या, म्हणजे हात चालेल.

गावात पटकी आहे. वैशाखात माणिकप्पाच्या घरात शिरली, ती अजून बाहेर पडलेली नाही. वरच्या आळीत आता रडायलाही कुणी बाहेर येत नाही.

अण्णा, तुमच्या आरोग्य खात्याची खबर अव्वाएवढी तुमच्या कचेरीतही कुणी ठेवत नसेल. तुम्ही तिथं कारकून लागलात तेव्हापासून खात्याचे किती साहेब बदलले, ते तिला पाठ. नावं जिभेवर बसत नव्हती म्हणून तिनं आपलीच ठेवलेली. देवीची लस टोचायला माणसं धाडली तो टोचणीसाहेब. त्याच्यानंतरच्यानं आपल्या रस्त्यावर दवाखान्याची इमारत बांधली आणि डॉक्टर द्यायच्या आधी स्वतःच बदलून गेला, त्याला ती चुन्याचा साहेब म्हणायची. डॉक्टर मिळाला तिसऱ्याच्या वेळी. दरवेळी तुम्ही लिहायचात की हे साहेब आधीच्यांसारखे नाहीत, आता बघाच. मी वाचून दाखवलं की अव्वा घागर घेऊन विहिरीवर जायची आणि बायांना असं ऐकवायची, जशी साहेबाची नेमणूक हिनंच केली. बाया पदराआड हसायच्या. मीही हसायचे.

तिसऱ्या साहेबानं जाता जाता विहिरीत लाल दवा टाकायचा हुकूम काढला. त्यानं पटकीचं विष मरतं, पाणी लाल दिसलं तरी तेच प्या, ओढ्याचं पिऊ नका, हे तुम्ही मला नीट समजावून लिहिलंत. गावाला कुणी समजावलं? दवंडी एवढीच झाली की सरकारी दवा टाकणार आहेत, कुणी आडवं येऊ नये. दुसऱ्या दिवशी बायांनी घागर वर ओढली तर आत लाल पाणी. निम्मं गाव त्याच दिवशी ओढ्यातल्या झिऱ्यावर गेलं. मी तुमचं पत्र घेऊन दारोदार फिरले. शेजारचा बंडप्पा म्हणाला, "तुजा भाऊ नळाचं पाणी पितोय तिकडं. त्येला काय व्हतंय सांगाय?"

अव्वा मात्र विहिरीचंच प्यायली. तोंड वाकडं करायची, पण प्यायची. "माज्या लेकानं, म्हांतानं लिवलंय न्हवं, मग इख असलं तरी म्या पिते," म्हणायची. गावात एवढा विश्वास तुमच्या खात्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पण लिंगपूजेला तिला ते पाणी चालेना. "शिवाला रंगाचं पाणी घालू व्हय गं? त्येला काय रोग हाय?" सकाळी उठून स्वतः ओढ्यावर जायची, तांब्याभर पाणी आणायची, तळहातावर गळ्यातलं लिंग घेऊन त्याला न्हाऊ घालायची. आणि ते तीर्थ प्यायची. रोज. मी म्हटलं, अव्वा, पाणी तेच, हातावरून ओघळलं म्हणून बदलत नाही. तर म्हणाली, "त्ये पानी न्हाय, तीर्थ हाय. म्हांतानं तीर्थाचं काय लिवलंय का?" तुम्ही काही लिहिलं नव्हतं. तुमच्या कुठल्याच साहेबाला हे सुचलं नसणार, आणि सुचलं असतं तरी तिनं ऐकलं असतं असं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी तिला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. त्याच बंडप्पानं न बोलावता गाडी जुंपली. हसीनाबी अव्वाचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. तुम्हाला माहीत आहे, मी कुंकू पुसून माहेरी आले तेव्हा आपली माणसं वेळ बघून यायची, आणि ती शेजारीण भाकरी घेऊन आधी आली होती.

दवाखान्याला कुलूप होतं. चाँदपाशा चपराशी ओट्यावर बसलेला. म्हणाला, "डाक्टरसाब हैदराबादला गेलेत. नवे बडे साब आलेत न्हवं, सगळ्या जिल्ह्यांच्या डाक्टरांना बोलावणं हाय. हार घालायचा हाय. कपाटाची चावी त्येंच्याकडं." बिचाऱ्यानं पाणी उकळून दिलं, मीठ घातलं, त्याच्या हातात होतं तेवढं केलं.

अव्वाला ते ऐकू गेलं. डोळे मिटलेले होते, तरी विचारलं, "कोन आलं म्हनला?" मी म्हटलं, नवा साहेब. तेव्हा ती हसली, अण्णा. खरंच हसली. "मग म्हांताला लई काम पडलं असंल गं. जेवला का न्हाय, कुनास ठावं." त्यानंतर ती बोलली नाही. परतीच्या वाटेवर, गाव दिसायच्या आत, गेली.

लिहिलं. आता खाडाखोड करत नाही.

जंगम आले, रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तुम्हाला तार करायला जाणारा माणूस मिळेना, ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी पडलेलं.

मग तुमचं पत्र आलं. नवे साहेब विलायतेत शिकलेले, त्यांचं स्वागत कसं थाटात झालं, आणि डॉक्टरांच्या रांगेत एकेकाच्या हातात हार द्यायचं काम कसं तुमच्यावर सोपवलं होतं. आमच्या डॉक्टरांच्या हातात हार तुम्हीच दिलात, अण्णा. तुम्हाला कुठून कळणार? मला तुमचा राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. तुमचा आहे, अव्वाचा आहे, त्या लिंगाचाही आहे, आणि हे लिहिताना जीभ जळत नाही याचंही आता काही वाटत नाही.

डॉक्टर परत आलेले नाहीत. चाँदपाशा म्हणतो, नवे साहेब बदल्या करणार आहेत, नवा डॉक्टर केव्हा येईल ते त्यालाही ठाऊक नाही.

आज सकाळपासून हसीनाबीला उलट्या होत आहेत. अव्वाची लुगडी तिनंच धुतली होती. मी मीठपाणी पाजते आहे, ते ठरत नाही. मघाशी म्हणाली, "तू जवळ येऊ नको बेटी." मी तिच्या उंबऱ्यात बसूनच हे लिहिते आहे. पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा तिचं काय झालं असेल, ते मला आत्ताच दिसतं आहे.

तुम्ही अव्वाची माती बघायला या, असं मी म्हणत नाही. यायचंच असेल तर डॉक्टर घेऊन या. डॉक्टर मिळत नसेल तर, अण्णा, नुसते येऊ नका.

तुमची एकटी राहिलेली बहीण,
पार्वती