आमसुलाची बोटं

गुरुजी, तुमचं कपाट आता माझ्या ताब्यात आहे. तुम्ही वारल्यावर शाळेने नवी लोखंडी कपाटं घेतली आणि हे जुनं, आतल्या पुस्तकांसकट, गावच्या वाचनालयाला देऊन टाकलं. तिथला मुलांचा विभाग मी सांभाळते. तुमच्यासारखं कुलूप लावत नाही, दारं सताड उघडी असतात. दहा-बारा वर्षांची पोरं येतात, "मजेची कादंबरी आसा?" म्हणून विचारतात. मी एक काढून देते आणि पहिली तीन पानं तिथेच बसून वाचायला लावते. पोराचे पाय हलायचे थांबले की समजायचं, पुस्तक लागू पडलं. हलतच राहिले तर दुसरं द्यायचं. चोरांचा पाठलाग, हरवलेली होडी, खोडकर आजी, काहीही चालतं, फक्त पानोपानी उपदेश नको. तुमच्या आवडत्या संस्कारकथा मी सगळ्यात खालच्या फळीवर टाकल्यात, वाळवीला सोयीच्या. हे तुम्हाला सांगताना मला फार बरं वाटतंय.

अठ्ठ्याण्णव साली मी सहावीत होते. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही कपाट उघडायचात आणि पुस्तक देण्याआधी प्रत्येकाचे हात हुंगायचात, डोळे मिटून, देवळात उभं राहिल्यासारखे. मी सकाळी आयेबरोबर बाजारात बांगडे साफ करून शाळेत यायचे. माझ्यासारख्यांच्या वाट्याला पातळ संस्कारकथा, जाडजूड कादंबऱ्या बाकीच्यांना. तुमच्या घरी मासे जायचे ते आयेच्याच पाटीतले. मासळी चालायची, वास तेवढा चालत नव्हता.

मासे कापल्यावर आम्ही घरात भिजवलेली आमसुलं हाताला चोळतो, वास मरतो. त्या शुक्रवारी मी ती कातडी चुरचुरेपर्यंत चोळली. तुम्ही हुंगलंत, काही सापडलं नाही, आणि एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात आली. चार भावंडं होडीतून ओसाड बेटावर जातात. त्रेपन्नाव्या पानावर त्यांची होडी सुटून वाहून जाते, भरती चढत असते, आणि माझ्या तळहातांना घाम फुटलेला. आमसुलाचा लाल रंग पानावर उतरला, पाचही बोटं. तुम्ही पुस्तक हिसकावून वर्गाला दाखवलंत. "बघा, मासळीबाजाराचा शिक्का! हिला कोयता द्या, पुस्तक नको." वर्ग हसला. मीही हसले, गुरुजी. ते हसू मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी आये मला घेऊन तुमच्या दारात आली. "माज्या चेडवाची चूक झाली, गुरुजी. तेका वाचूची लय हौस आसा. ह्ये ताजे सरंगे तुमच्यासाठी हाडलंय." तुम्ही म्हणालात, "ठेव थंय. पुस्तकाचा मगे बघूया." ते मगे कधी आलंच नाही. परतताना आये एवढंच म्हणाली, "सरंगे मात्र खातलो मेलो."

तुमचं कपाट आलं तेव्हा त्यात ती कादंबरी सापडली. त्रेपन्नाव्या पानावरची माझी बोटं आता तपकिरी झालीत. मी ती खणात दडवली, पण शेवट वाचला नाही. वाचला तर राग शिळा होईल अशी भीती वाटली. मला तो ताजा हवा होता.

आणि काल तुमची नात आली. सुट्टीला मुंबईहून आलेली, अकरा वर्षांची, नाक थेट तुमचं. "एखादी मस्त कादंबरी द्या ना." मी म्हटलं, "हात दाखव." तिने पुढे केले. तळलेल्या बांगड्याचा वास. मी खाली वाकून संस्कारकथा काढली आणि तिच्या हातात ठेवली. "वास येतो. तुला हेच." ती मान खाली घालून गेली. बारा वर्षांनी उट्टं निघालं आणि मला, खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. संध्याकाळी आयेच्या हातची आमटी दोनदा वाढून घेतली.

आज मी कुलूप काढते तर ती पायरीवर उभी. तिने न विचारताच दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं लालभडक. "आजीने आमसुलं चोळायला सांगितली. आता वास नाही येत. बघा ना!"

मी बघितलं नाही. खण उघडला आणि ती कादंबरी तिला दिली. हात पुसायला सांगितलं नाही. आता ती समोर बसून वाचतेय. तिसऱ्या पानावर पाय थांबले. ती त्रेपन्नाव्या पानावर पोचेल तेव्हा माझ्या बोटांशेजारी तिची उमटतील, म्हणजे तुमच्या घराण्याचाही शिक्का बसेल. शेवट काय झाला ते मी तिलाच विचारणार आहे.

म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. हे पत्र त्या रिकाम्या खणात राहील. फक्त एक गोष्ट आयेलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. काल तुमच्या नातीचे हात हुंगताना मीसुद्धा डोळे मिटले होते.