शाफ्ट निवेपर्यंत

३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. कारखाना एवढा अवाढव्य आहे की फाटकापासून आमच्या विभागापर्यंत पोहोचायलाच अठरा मिनिटे लागतात. पहिल्या आठवड्यात मी दोनदा रंगकाम विभागात जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा तिथल्यांनी मला ब्रश देऊ केला.

शिकाऊ उमेदवारीचे पहिले वर्ष वर्गातच गेले, या दुसऱ्या वर्षी मला मापन कक्ष मिळाला आहे. तू एकोणीस वर्षे प्रेशर गेज तपासलेस, तेव्हा यातली गोडी तुलाच कळेल. पंपाचा शाफ्ट ऐंशी मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त वीस मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचा, फरक चालतो. शाफ्ट गरम पाण्याने धुऊन येतो, आणि गरम पोलाद फुगलेले असते. म्हणून तो चार तास दगडी पाटावर ठेवायचा. याला इथे शाफ्ट ‘निजवणे’ म्हणतात. मला शिकवणारे ज्येष्ठ तपासनीस सांगतात की पोर आणि पोलाद जागे असताना मापू नये. सगळे त्यांना केसभर काका म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबी केसभर चूक म्हणजे डोंगराएवढी. पालथा हात लावून ते शाफ्ट निवला की नाही हे सांगतात. थर्मामीटर मागाहून त्यांच्या होला हो करतो.

दोन महिन्यांनी ते निवृत्त होतील. आपला मायक्रोमीटर मला देणार असल्याचे त्यांनी सर्वांदेखत जाहीर केले आहे. वर्षाअखेरीस आम्हा दहांपैकी चौघांनाच कायम करतील. त्या चौघांत मी असेन, असे सध्या तरी वाटते.

तुझा लोभ आहेच. तो दुपटीने वाढला तरी तक्रार नाही.

तुझी,
भिंगरी

१० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचले. एकदा बातम्यांसाठी, एकदा शुद्धलेखनासाठी. बातम्या उत्तम आहेत.

आता एक गणित. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाने तापली की साडेअकरा मायक्रॉन वाढते. मग तुझा ऐंशी मिलिमीटरचा शाफ्ट पंचवीस अंशांनी निवला, तर किती आकसेल? पाठ केलेला नियम घाईच्या दिवशी दगा देतो, स्वतः सोडवलेले गणित देत नाही. उत्तर पुढच्या पत्रात धाड. आणि तपासणीच्या कार्डावर दोन सह्या का लागतात, तेही काकांना विचारून कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे म्हणून रागावते, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आत्या

१९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गणिताचे उत्तर तेवीस मायक्रॉन. ते मी आज सोडवले. पाच दिवस आधी सोडवायला हवे होते.

चौदा तारखेला काकू दवाखान्यात होत्या, म्हणून काका दुपारीच निघाले. जाताना सहा कोऱ्या कार्डांवर तपासनिसाची सही करून गेले, मापणाऱ्याची दुसरी सही तेवढी माझी राहिली. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता. संध्याकाळची गाडी शाफ्टसाठी खोळंबली होती आणि जोडणी विभागाचा माणूस दारात उभा राहून विचारत होता की बाईसाहेब, शाफ्टला अंगाई म्हणताय का? मला हसू आले. एक दिवस न निजवल्याने काय बिघडेल, असे वाटले. मी सहाही शाफ्ट गरम असतानाच मापले. मापे अगदी हवी तशी आली.

धुण्याचे पाणी पंचेचाळीस अंशांचे आणि आमची खोली वीस अंशांची. म्हणजे ते शाफ्ट आता कुठेतरी तेवीस मायक्रॉन बारीक झाले असतील. बेअरिंग सैल बसेल, पंप थरथरेल आणि एक दिवस, कुणी शेजारी उभे असताना, फुटेल. बोलले तर काकांची कोऱ्या कार्डावरची सही उघडी पडेल. चौतीस वर्षांत त्यांना साधी ताकीदही मिळालेली नाही. माझी नोकरी गेली तर मी सोसेन, पण त्यांना कसे बुडवू? काय करू ते सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी

२२ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नीट क्रमाने विचार करू. शाफ्ट बारीक आहेत, हे पोलादाचे म्हणणे आहे. तुझ्या गप्प बसण्याने ते जाड होणार नाहीत. काकांनी कोऱ्या कार्डावर सही केली, ही त्यांची चूक आहे. ती तू केलेली नाहीस आणि तुला ती झाकताही येणार नाही. म्हणून आधी काकांना सांग, मग साहेबांना, आणि दोन्ही एकाच दिवशी. मध्ये रात्र जाऊ दिलीस की धीर सुटतो. हे मी अनुभवाने सांगते.

माझी दृष्टी अधू झाली म्हणून मी नोकरी सोडली, असे घरात सगळे समजतात. माझे डोळे ठणठणीत होते. गेज क्रमांक ४४१७ चा काटा अडकत होता. मी काचेवर टिचकी मारली, तो सुटला, आणि मी सही केली. उद्या सांगू म्हणत राहिले. गेज रवाना झाला, कुठल्या बॉयलरवर बसला, ते कळले नाही. कदाचित काहीच झाले नसेल. त्या ‘कदाचित’बरोबर मी एकवीस वर्षे राहते आहे, बाळा. तो फार वाईट शेजारी आहे.

पत्र वाचून झाले की ऊठ.

तुझी,
आत्या

२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र हाती पडले त्याच सकाळी काकांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि एवढेच म्हणाले की सही माझी आहे, चल. साहेबांच्या खोलीत ते माझ्याआधी शिरले.

चार शाफ्ट गोदामात सापडले. दोन पंपांत बसले होते. ते पंप रवाना होण्याआधी उघडले. निजवून मापल्यावर सहाही बारीक भरले. माझा सहीचा अधिकार काढून घेतला, उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली. यंदाच्या चौघांत मी नाही. काकांना लेखी ताकीद मिळाली आणि शेवटचा महिना त्यांनी गोदामात काढला. ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवणाच्या टेबलावर मी बसले की इतरांना कामे आठवत. मायक्रोमीटरही त्यांनी घरी नेला.

परवा त्यांचा शेवटचा दिवस होता. निघताना ते मापन कक्षात आले. मी घड्याळ लावून चार तास पुरे केले होते आणि कक्षातला मायक्रोमीटर उचलला होता. त्यांनी शाफ्टला पालथा हात लावला. अजून कोमट आहे, थांब, असे म्हणाले आणि गेले.

थर्मामीटर लावून पाहिला. शाफ्ट खोलीपेक्षा दोन अंश गरम होता. मी थांबले.

तुझी,
भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र आले त्याच दुपारी मी माझ्या जुन्या कारखान्याला लिहिले. गेजचा क्रमांक, तारीख, टिचकी आणि खाली माझी सही. एवढ्या वर्षांनी उत्तर येईल की नाही, आणि आले तर काय येईल, ठाऊक नाही. ‘कदाचित’ अजून शेजारीच आहे. आता निदान त्याचे दार मी ठोठावले आहे.

काकांना पत्र घाल. उत्तराची अपेक्षा ठेवू नकोस, पण घाल.

पोलाद निवू दे, लोभ निवू देऊ नकोस.

तुझी,
आत्या